आईकडून आलेलं

माझी आई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांत सर सगळ्यांत शेवटी आले. रक्षाविसर्जन होऊन गेलं होतं, पाहुणे परतले होते. बाहेरच्या खोलीत सतरंजी तेवढी अंथरलेली होती आणि तिच्यावर मी एकटा बसलो होतो. सर दारात थांबले, चौकट चाचपली, निघताना सापडाव्यात म्हणून चपला अगदी भिंतीला लावून काढल्या आणि माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसले. नेहमीप्रमाणे ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या उजव्या कानाच्या पलीकडे, भिंतीवरच्या खुंटीकडे बघत होते.

वय झालं होतं, सुटल्या बिचाऱ्या, धीर धरा, यातलं ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "बहीण आहे का तुम्हाला?"

"नाही."

"मावशी?"

"एक होती. लहानपणीच गेली."

"मग तुमच्यापाशी संपलं," ते म्हणाले.

मला अर्थ लागेना. तेव्हा त्यांनी वर्गात सांगतात तसं, एकेक शब्द ठेवत सांगितलं. "तुमच्या प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारी बारीक बारीक इंजिनं आहेत. मायटोकॉन्ड्रिया. बाकी सगळ्यात तुम्ही आई आणि वडील असे निम्मेनिम्मे आहात. ही इंजिनं मात्र सगळी आईची. वडिलांचं एक नाही. तिची तिच्या आईकडून, तिची तिच्या आईकडून. तुम्ही आहात तोवर ती चालू राहतील. पुढं तुमच्या मुलांत नाही जाणार. त्यांच्यात त्यांच्या आईची असतील." मग उठता उठता म्हणाले, "तुमच्या हाताला जी ऊब आहे ना, ती तिची आहे. एवढंच सांगायला आलो होतो."

माझ्या बायकोला हे अजिबात रुचलं नाही. "हे काय सांत्वन झालं? म्हणे तुमच्यापाशी संपलं!" पण पुढचे कित्येक दिवस जेवताना भात कालवायला लागलो की माझं लक्ष माझ्या बोटांकडे जायचं.

आता सरही गेले. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला असं काही सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

कोल्हापुरात आमच्या ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे आणि मी ग्रंथपाल होतो. ऐन तारुण्यात, एम.एस्सी. करताना, त्यांची नजर गेली होती. पूर्ण नव्हे. आधी एका डोळ्यात मधोमध धुरकट डाग आला, दोन-तीन महिन्यांत दुसऱ्यात. दुखलं नाही, खुपलं नाही. डॉक्टरांनी नस सुकली असं सांगितलं आणि हात झटकले. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही आणि ज्याच्याकडे बघत नाही ते कडेनं थोडंफार दिसतं, अशी त्यांची अवस्था होती. त्यामुळे ते माणसाच्या कानाकडे बघून माणसाशी बोलत. नवीन लोकांना तो माज वाटे. एकदा तपासणीला आलेले एक साहेब सरळ प्राचार्यांकडे गेले आणि म्हणाले, "तुमचे हे शिक्षक माझ्या तोंडाकडे बघायलासुद्धा तयार नाहीत." सरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "त्यांना सांगा, मी तोंडाकडे बघितलं असतं तर तोंड दिसलं नसतं."

मुलांनीही पहिल्या आठवड्यात अंदाज घेतलेला असे. समोरच्या बाकावर बसून वेडीवाकडी तोंडं केली तरी चालतात, असं पोरं एकमेकांना सांगत. ते खरंही होतं. पण कडेचा मुलगा सापडे. "खिडकीजवळचा, तो मावा थुंकून ये आणि मग बस." आख्खा वर्ग हसे आणि खिडकीजवळच्याला कळत नसे की आंधळ्या मास्तरला दिसलं कसं.

पेशीची आकृती ते फळाभर काढत. हात पाठ झालेला होता, पण कधी कधी आधीच्या रेषेवरच पुढची रेषा पडे. एखादी मुलगी उठून खडूनं ती सरळ करून देई. तेही तिला थांबवत नसत.

मायटोकॉन्ड्रियाचा तास मी दोनदा दाराबाहेर उभा राहून ऐकला आहे. "शुक्रपेशीच्या मधल्या भागात ही इंजिनं गुंडाळलेली असतात. त्यांच्या जोरावर ती शेपूट हलवत पुढं जाते. असं समजा, ऊस भरलेला ट्रॅक्टर कारखान्यावर निघालाय. पोचला. ऊस उतरवून घेतला. ट्रॅक्टरचं काय होतं?"

"माघारी जातोय सर, गाणी लावून," मागून एकजण म्हणाला.

"तुमचा जातो. इथला जात नाही. इथं ट्रॅक्टरसुद्धा आत घेतात. आत गेल्या गेल्या त्याच्यावर खूण करतात आणि मोडीत काढतात. स्क्रूसुद्धा ठेवत नाहीत."

"का सर?" एका मुलीनं विचारलं.

या प्रश्नाची ते वाट बघत असत असं मला वाटतं. "का, हे अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. एक म्हणणं असं की, एका पेशीत दोन घरची इंजिनं नांदली तर भांडणं होतात. दुसरं म्हणणं, बापाची इंजिनं एवढं पळून पळून जळालेली असतात. आईची मात्र ताजी असतात, कारण ती अंडपेशीत जवळजवळ विझवून ठेवलेली असतात. आई आपली चूल पेटवत नाही, पुढच्यासाठी जपून ठेवते. परीक्षेत यातलं कुठलंही एक लिहा. पण घरी जाताना दोन्ही घेऊन जा."

चुकीच्या उत्तराला त्यांच्याकडे अर्धा मार्कही मिळत नसे. बाजारातल्या एका गाईडमध्ये 'मायटोकॉन्ड्रिया प्रामुख्याने आईकडून व अंशतः वडिलांकडून येतात' असं छापलेलं होतं. हे मीच त्यांना वाचून दाखवलं आणि पस्तावलो. ते तसेच मला घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले आणि मालकाशी भांडले. मालक बिचारा म्हणाला, "सर, मी नुसतं विकतो हो. आतलं मला कशाला सांगताय?" सर म्हणाले, "खोटं विकता आणि वर विचारता?" शेवटी दुकानातल्या सगळ्या प्रतींमधली ती ओळ आम्ही दोघांनी पेनानं खोडली. म्हणजे मी खोडली. ते शेजारी उभे राहून पान उघडून देत होते.

वाचून दाखवणं हे माझं कामच झालं होतं. कॉलेज सुटल्यावर ग्रंथालयात, आणि ते निवृत्त झाल्यावर गावाबाहेर कळंब्याला त्यांच्या घरी, दुपारी तास-दीड तास. मी मराठीचा माणूस. त्यातलं मला निम्मं कळत नसे, पण स्वच्छ वाचता येई. त्यांना तेवढंच हवं होतं. "समजून वाचणारा मधेच थांबतो," ते म्हणत.

एकदाच मी थांबलो. कॉलेजातली शेवटची काही वर्षं राहिली होती त्यांची. एक जाड संदर्भग्रंथ नवा आला होता आणि मी त्यातलं आनुवंशिक आजारांचं प्रकरण वाचत होतो. तरुण पुरुषांना होणारा डोळ्यांचा एक आजार, दुखत नाही, आधी एक डोळा मग दुसरा, नजरेचा मध्यभाग जातो, कडा शाबूत राहतात. एवढं वाचल्यावर मी थांबून त्यांच्याकडे पाहिलं.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. दोष मायटोकॉन्ड्रियात असतो. तो आईकडून सगळ्या मुलांत जातो, पण ज्यांच्यात जातो त्या सगळ्यांचीच नजर जाते असं नाही. बायका बहुधा सुटतात, पुरुष जास्त सापडतात. तंबाखूनं आणि दारूनं धोका वाढतो असं मानतात. ज्या पुरुषाला तो आहे त्याच्या मुलांत मात्र तो जात नाही.

"परत वाचा."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. बाहेर शिपाई खिडक्या लावत होता.

"माझा एक मामा होता चंदगडला," ते म्हणाले. "पोरगेला असताना त्याचे डोळे गेले. काजूच्या टरफलाचं तेल उडालं डोळ्यात, असं घरात सांगायचे. मी सुट्टीला जायचो. तो पडवीत बसलेला असायचा. पावसातून एस.टी. यायची, तेव्हा तो रस्त्याकडे बघायचा नाही, आंब्याच्या झाडाकडे बघायचा. आणि सांगायचा, आज ड्रायव्हर दुसरा आहे. मला वाटायचं हा वेडा आहे."

मग त्यांनी पुण्याला रक्त पाठवून तपासून घेतलं. कागद आला तो मीच वाचून दाखवला. ते फक्त "हं" म्हणाले आणि कागद मागून घेऊन, मला वाटतं, त्याच दिवशी जाळून टाकला. त्यांच्या आई तेव्हा ऐंशीला आल्या होत्या आणि त्यांच्याचजवळ राहत होत्या.

त्यानंतर त्यांना एक खोड लागली. आमच्याकडे नवा माणूस भेटला की "पावणं कुठलं?" असं विचारतात. गाव सांगितलं की भावकी निघते, आडनावावरून सोयरीक निघते. सर विचारत, "आईच्या आईचं माहेर कुठलं?" माणूस गोंधळे. आईचं माहेर ठाऊक असे, त्याच्या मागचं नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला आम्ही कधी कधी जात असू. तिथला म्हैसवाला आपल्या म्हशीची आई, तिची आई, कुणाच्या गोठ्यातली, कुठल्या बाजारातून आणलेली, सगळं सांगे. सरांनी त्याला आजीचं माहेर विचारलं तर तो डोकं खाजवायला लागला.

"म्हशीची आजी ठाऊक आहे, तुझी नाही?"

"म्हस दूध देतीया सर," तो धार काढता काढता म्हणाला. "आज्जी आता काय देणार?"

सर हसले. पेला हातात घेऊन बराच वेळ प्यायले नाहीत. "देते रे," एवढंच म्हणाले, आणि ते त्यानं ऐकलं नाही.

त्यांच्या आईला गल्लीतली सगळी आज्जी म्हणत. आतल्या खोलीत पलंगावर असत. पाय गेले होते पण कान तिखट होते. बाहेर कोण आलं, कोण काय बोललं, कुणी कप आपटला, सगळं त्यांना कळे. मुलाच्या डोळ्यांबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "ह्याच्या बापाच्या घरात समद्यांचं डोळं अधू. सासऱ्याला दिसत न्हवतं, धाकल्या दिराला दिसत न्हवतं. त्या घरानं माझ्या लेकराचं डोळं खाल्लं." सासऱ्यांना म्हातारपणी मोतीबिंदू झाला होता आणि दिराला चष्मा होता. पण हे त्या नवऱ्याला आयुष्यभर ऐकवत आल्या होत्या. तो माणूस पायरीवर बसून ऐकून घेई आणि तसाच ऐकत ऐकत गेला. सर मला म्हणाले होते, "अप्पांनी, आमच्या वडिलांनी, एकदाही उलट उत्तर दिलं नाही. त्यांना खरंच वाटत होतं, आपल्यामुळे झालं."

सरांची बायको मुलगी शाळेत असतानाच वारली. मुलगी म्हणजे विद्या. तीही बापाच्याच वर्गात बारावीला होती, पहिल्या बाकावर. पुढं शाळेत शिक्षिका झाली. तिच्याविषयी ते एकदाच माझ्याशी बोलले. "विद्यात तिची आई आहे, पुरती. माझं ते तिच्यात गेलं नाही. माझ्या घरात एवढं एक नीट झालं."

सरांची धाकटी बहीण मुरगूडला दिलेली. तिला एक मुलगा, संदीप, आणि त्याच्या पाठची एक मुलगी. आमच्या भागात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. विद्या पाळण्यात होती तेव्हापासून आत्या तिला सूनबाई म्हणत आलेली होती. संदीप कॉलेजला कोल्हापुरात आला आणि मामाकडेच राहिला. त्या तीन वर्षांत सरांनी त्या पोराला सळो की पळो करून सोडलं. तो घरात शिरला की ते त्याच्याजवळ जाऊन वास घ्यायचे. शर्टाचा खिसा, बोटं, तोंड.

"मामा न्हाय हो, पोलिसाचं कुत्रं हाय," संदीप मला सांगायचा. "कॉलेजातली समदी पोरं खात्यात. मलाच बंदी."

"खाणाऱ्यांना खाऊ दे. तू खायचं नाहीस. सिगरेट नाही, मावा नाही, दारू नाही."

"का पण?"

"मामा सांगतोय म्हणून."

एकदा खिशात पुडी सापडली तेव्हा त्यांनी त्याच्या कानफटात मारली. अंदाज चुकून ती अर्धी मानेवर बसली. आयुष्यात त्यांनी कुणावर हात उचललेला मी तेवढाच पाहिला. संदीप रागावून दोन दिवस जेवला नाही. आज्जी आतून म्हणाल्या, "लेकराला का मारतोस रं? तुझ्या बापासारखा कडू हाईस."

संदीपला नोकरी लागली, आणि आता बोलणी करायची असं सगळे धरून चालले होते. एका दुपारी मी वाचत असताना बहीण एकटीच आली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली. मी उठायला लागलो तर सर म्हणाले, "बसा तुम्ही." मग बहिणीनं आवाज बराच खाली आणला, तिला जमेल तेवढा.

"आण्णा, वाईट वाटून घेऊ नगंस. आमच्या घरात न्हाय म्हंत्यात."

सरांनी तिच्यासमोरचा तांब्या चाचपून बाजूला ठेवला.

"सासूबाई म्हंत्यात, आंधळ्याची पोरगी आणायची म्हंजे नातवंडांच्या डोळ्यांचं काय? ह्यांचंबी तेच. मी लई भांडले रं. पण पोराच्या जल्माचा प्रश्न हाय."

"बरं," सर म्हणाले.

"बरं काय बरं? शिव्या दे की मला! शिकलेला हाईस, मास्तर हाईस, कायतरी सांग. तसं नसतंय म्हणून सांग. मी घरात जाऊन सांगते."

मी पुस्तक मांडीवर धरून बसलो होतो. काय खरं आहे ते मला ठाऊक होतं. तिच्या तोंडावर फेकता आलं असतं असं उत्तर त्यांच्याजवळ होतं. विद्याच्या डोळ्यांना काहीही भीती नव्हती. भीती होती ती संदीपच्या.

आतून पलंग करकरला. "काय झालं गं?" आज्जींनी विचारलं.

"काय न्हाय आई," बहीण म्हणाली.

सर खिडकीकडे बघत होते, म्हणजे बहिणीकडे बघत होते. "मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "चहा घेऊन जा."

चहा विद्यानं आणला. कप आत्याच्या हातात दिला. आत्या रडायला लागली तेव्हा विद्याच म्हणाली, "राहू दे आत्या. चहा गार होतोय."

त्या संध्याकाळी आम्ही तलावाकडे फिरायला गेलो. कळंबा कारागृहाच्या भिंतीच्या बाजूनं ते नेहमी हाताचा पंजा हवेत धरून चालत. भिंत जवळ आली की तापलेली हवा हाताला लागते, म्हणत. मी शेवटी विचारलं.

"आई आत होती," ते म्हणाले.

"बहिणीला बाहेर नेऊन सांगता आलं असतं."

"मग? ती मुरगूडला जाऊन भांडणार. मामाकडून नाही, माझ्याकडूनच येतं, असं सासूला सांगणार. तिच्या मुलीचं लग्न व्हायचंय. आणि चार दिवसांत ते फिरून आईच्या कानावर येणार. चंदगडचा भाऊ, मी, आता नातू. तिला जोडायला वेळ लागणार नाही. ब्याऐंशीव्या वर्षी तिनं हे घेऊन काय करायचं?" मग थोडं चालून म्हणाले, "शिवाय कळून उपाय काय? मावा खाऊ नकोस एवढंच सांगता येतं. ते मी सांगतोच आहे. होईलच असं नाही. पुष्कळांना होत नाही."

"आणि विद्या?"

ते हात हवेत धरून चालत राहिले. ते बरोबर होते की नाही हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही, आजही येत नाही. 'आंधळ्याच्या घरची' हे एकदा बाहेर पडल्यावर पुढं दोन ठिकाणी विद्याचं जमता जमता मोडलं. मग तिनंच पुरे म्हणून सांगितलं. मी तिला एकदा म्हणालो, तुला तरी बोलता आलं असतं. ती वह्या तपासत होती. "बाबांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले आहे मी," ती म्हणाली. "उत्तर मलाही येत होतं. पण आज्जीला भरवते मी, काका. रोज."

संदीपचं लग्न दुसरीकडे झालं, त्याला मुलगी झाली. चार-पाच वर्षं गेली. मग एके सकाळी विद्याचा फोन आला की, या, आत्या आली आहे, संदीपला घेऊन. मी गेलो तेव्हा आज्जींना उन्हासाठी बाहेरच्या खोलीत आणून खुर्चीत बसवलेलं होतं. संदीप भिंतीला टेकून खाली बसला होता. मी आत आलो तसा त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं आणि त्याला मी दिसलो नाही. ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"उजवा दिवाळीत गेला," बहीण सांगत होती. "आता डावाबी. डाक्टर म्हणाला, नस सुकली. घरात कुणाला हाय का? म्हटलं मामाला हाय. तर म्हणाला, मग तेच." तिचा आवाज चढत गेला. "आण्णा, खरं सांग. तुझी पोरगी केली न्हाय तरी हे आमच्या घरात आलं कुठनं? तू मास्तर हाईस न्हवं? कुठनं आलं सांग!"

आज्जी खुर्चीतून पुढं वाकल्या होत्या.

सरांनी मान वळवली. त्यांना आई नीट बघायची असली की ते तिच्या खांद्यापलीकडच्या दाराकडे बघत. तसं त्यांनी बघितलं. मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "माझ्याकडून. मामाकडून भाच्याला येतं हे."

स्वयंपाकघराच्या दारात विद्या उभी होती. तिनं पदरानं तोंड दाबून धरलं. मला त्या दुकानातल्या खोडलेल्या ओळी आठवल्या.

"आणि तुला?" आज्जींनी विचारलं.

"मला अप्पांच्या घरचं."

"मी म्हणतच हुते," आज्जी म्हणाल्या आणि मागं टेकल्या.

बहीण तणतणत उठली. पोराला दंडाला धरून बाहेर काढलं. सर काठी न घेताच तिच्या मागं गेले. फाटकाशी रिक्षा उभी होती. मी त्यांच्या पाठोपाठ गेलो, कारण त्यांना ती पायरी कधीच दिसत नसे. फाटक लावून घेऊन ते तिला म्हणाले, "थांब. आत सांगितलं ते खोटं होतं."

आणि त्यांनी तिला सांगितलं. रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला लावून, संदीपसमोर, दबक्या आवाजात, साध्या शब्दांत. चंदगडच्या मामापासून.

ती ऐकत गेली तसतशी तिची मान खाली गेली. "म्हंजे माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळं नाही गं. तुझ्यातनं आलं. तुला काय ठाऊक होतं?" 

"आणि आमची पोरगी?"

"तिला सांग. तिला मुलं व्हायच्या आत सांग, डॉक्टरांशी बोलू दे. संदीपच्या मुलीला काही होत नाही, ती भीती काढून टाक."

मग तिनं घराकडे बघितलं. "विद्याच्यात तर कायच न्हवतं मग."

"नव्हतं."

"मग तवाच का बोलला न्हाईस रं?" ती ओरडली, आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवला. खिडकी उघडी होती. आतून आज्जी विचारत होत्या, "अजून गेली न्हाई का गं ती?"

बहिणीनं डोळे पुसले, फाटक उघडलं आणि आत गेली. मला खिडकीतून दिसलं. तिनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "जाते आई. आण्णाचंच आलं म्हणं पोराला. काय करणार!" आज्जींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर संदीप दर आठवड्याला कळंब्याला यायला लागला. माझं वाचन संपलं की ते मामा-भाचे पायरीवर बसत. "मधोमध बघू नकोस. मधे काही नाही आपल्याला. माणसाच्या कानाकडं बघ, तोंड दिसतं. गाडी बघायची तर झाडाकडं बघ. लोक हसतील, हसू दे." संदीप चिडायचा, रडायचा, परत बघायचा. एकदा विद्या दळण घेऊन आली तर तो तिच्या मागच्या विजेच्या खांबाकडे बघत म्हणाला, "विद्या, केस पिकलं की गं तुझं." ती तिथंच उभी राहिली. "दिसलं का तुला?" म्हणाली.

सर गेल्या थंडीत गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. आई आपल्या आधी जाईल, असा त्यांचा सगळा हिशेब होता. तो चुकला. आज्जी अजून आहेत.

रक्षाविसर्जनानंतर मी गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत तेवढीच माणसं होती. आज्जी खुर्चीत, बहीण त्यांच्या पायाशी, विद्या दाराला टेकून, संदीप भिंतीशी. मी सतरंजीवर बसलो. सरांनी माझ्या घरी येऊन जे सांगितलं होतं, तसलं काही सांगावं असं फार वाटत होतं, पण या घरात ते सांगण्यासारखं नव्हतं.

आज्जींचा हात मांडीवर उताणा पडला होता. त्या स्वतःशीच बोलावं तसं बोलत होत्या. "माझ्यावरच गेलता. नाक माझं, रंग माझा, हट्ट माझा. माझ्या माहेरावरच गेलता समदा. डोळं तेवढं बापाच्या घरचं घेतलं त्यानं."

बहिणीनं आईच्या पायांवरचं लुगडं सारखं केलं.

"व्हय की, आई," बहीण म्हणाली. "बापाच्याच घरचं."

आज्जींनी मान उचलून माझ्या दिशेला केली. "तुमी पुस्तकातली माणसं. खरं का न्हाय ओ?"

"खरं आहे, आज्जी," मी म्हणालो.

भिंतीशी बसलेल्या संदीपनं मान जराशी वळवली आणि माझ्या कानापलीकडच्या दाराकडे बघत राहिला.